घरचा केस

साणेवाल्या वीरप्पाच्या नाकावर माशी बसत नसे, आणि बसलीच तर हाकलण्याआधी त्यानं तिची जाडी मोजली असती, असं धाराशिवच्या बाजारात म्हणत. बाजार काय, काहीही म्हणतो. पण ह्या माणसाच्या बाबतीत त्यात फारसं खोटं नव्हतं. जेवायला बसला की आधी भाकरी उजेडाकडं धरून तिची कड सगळीकडून सारखी आहे का ते बघणार. शेजारच्या मथुराबाईचा वरवंटा कुठल्या बाजूनं झिजलाय हे तिनं न विचारता सांगणार. एकदा देवळात आरती चालू असताना हा समईचा दांडा डोळ्यांनी तपासत उभा होता. सगळ्यांनी हात जोडले तेव्हा हा शेजारच्याला म्हणाला, "वाकलाय. उगं दोन जवाएवढा."

त्याचा धंदा घासकामाचा. कल्याणप्पांच्या जिनला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, लागून पत्र्याची एक शेड होती. तिच्यात एक लेथ, एक भट्टी आणि कोपऱ्यात इंजिनाचे दांडे घासायचं लांबलचक यंत्र. हे यंत्र सोलापूरच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून कल्याणप्पांनी जुनं घेतलं होतं. बैलगाड्यांवर घालून, तुळजापूरचा घाट चढवून, करोडगिरीच्या नाक्यावर त्याची जकात कुठल्या सदरात धरायची ह्याचा बराच खल होऊन ते एकदाचं निजामाच्या राज्यात आलं. त्याच्याबरोबर ते चालवणारा वीरप्पाही आला. लोक म्हणत, कल्याणप्पांनी यंत्र करून घेतलं, वीरप्पा आंदण मिळाला.

तो जर्मनच्या लढाईचा काळ. विलायतेहून सुटे भाग येणं बंद. आणि इकडं तर गावोगाव इंजिनं बसलेली. कुठं पिठाची गिरणी, कुठं तेलाचा घाणा. इंजिनाचा दांडा झिजला तर नवा आणायचा कुठून? मग तो वाकळीत गुंडाळून, गाडीत घालून कल्याणप्पांच्या शेडीत यायचा. वीरप्पा सदऱ्याच्या आतलं गळ्यातलं इष्टलिंग चाचपून नीट सारायचा, साणेच्या चाकावर लाकडी मुठीनं टिचकी मारायचा, चाक घंटेसारखं वाजलं तरच ते फिरवायला घ्यायचा. ठिणग्या उडायला लागल्या की त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. कल्याणप्पासुद्धा नाही. मालकच बिचारे दाराशी खाकरून परत जायचे.

चाक बोथट झालं की त्याच्यावर हिऱ्याची कणी फिरवावी लागते. ती कणी कल्याणप्पांच्या तिजोरीत असे आणि वीरप्पा ती दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तशी घेई. घरी उमाबाईच्या नाकातली चमकी मात्र काचेची होती.

"त्या दगडाला हिरा, आन् मला काच," ती म्हणायची.

"तू कुठं बोथट झालीस?" वीरप्पा म्हणायचा. ह्या उत्तरावर तो इतका खूश होता की लग्नापासून त्यानं दुसरं शोधलं नव्हतं.

आता घासकामातली सगळी मेख असते ती मोकळ्या जागेत. दांडा ज्या बुशात, म्हणजे धातूच्या कड्यात, फिरतो त्या बुशाला तो अगदी घट्ट बसून चालत नाही. दोघांच्या मधे तेलाला शिरायला वाट लागते. ती जास्त झाली तर इंजिन धडाधडा आपटतं, कमी झाली तर तेल शिरत नाही, दांडा तापतो आणि शेवटी बुशाला चिकटून बसतो. ही वाट किती ठेवायची, ह्याचं वीरप्पाचं माप सगळ्या धाराशिवला ठाऊक होतं. एक केस. आणि केस कुणाचाही चालत नसे. तो उमाबाईचाच लागे.

त्याची सुरुवात सोलापुरात झाली. नवं लग्न झालेलं, वीरप्पा गिरणीच्या वर्कशॉपात कामाला. एक दिवस सदऱ्याच्या बाहीला बायकोचा लांब केस चिकटून आला आणि मापाच्या वेळी दांडा आणि बुशाच्या मापाला लावलेला कॅलिपरचा चिमटा ह्यांच्या मधे सापडला. वीरप्पानं तो हळूच ओढला. केस तुटला नाही, सुटलाही नाही. जरा अडत, जरा सरकत बाहेर आला. तो दांडा पुढं इतका गोड फिरला, की जुन्या फोरमननं पाठ थोपटली. वीरप्पानं मनात गाठच बांधली. तेव्हापासून दर सोमवारी तो उमाबाईच्या फणीतला एक केस काढून पानाच्या चंचीत ठेवायचा, आणि आठवडाभर त्याच्यावर दांडे बसवायचा. चारचौघांत बायकोचं नाव कसं घेणार, म्हणून तो म्हणायचा, "घरचा केस." बाजारानं शब्द उचलला. सुताराला दार किती सैल ठेवू विचारलं तर गिऱ्हाईक म्हणे, "ठेव एक घरचा केस." उमाबाई पाण्याला निघाली की बायका तिच्या अंबाड्याकडं बघत. तिला लाज वाटे, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटे.

कल्याणप्पांनी हौसेनं हैदराबादहून एक मायक्रोमीटर आणला होता. चिमट्यासारखं चकचकीत हत्यार, केसाहून बारीक मापणारं. वीरप्पानं ते उलटसुलट करून पाहिलं. "हे थंडीत एक बोलतंय, उन्हात एक बोलतंय," असा निकाल देऊन त्यानं ते मखमली डबीसकट देवळीत ठेवलं. खंडेनवमीला त्याला कुंकू लागे. बाकी वर्षभर त्या बिचाऱ्याला कोणी विचारत नसे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका वर्षी वीरप्पाचे दांडे तापायला लागले.

पहिली तक्रार कळंबच्या तेलघाण्याची आली. इंजिन लवकर गरम होतंय म्हणाले. वीरप्पा म्हणाला, "लढाईचं तेल. त्यात काय काय घालत्यात खंडोबाला ठावं." हे पटण्यासारखं होतं. मग खुद्द कल्याणप्पांच्या जिनचं इंजिन तापलं. वीरप्पानं भट्टीवाल्यावर खापर फोडलं. बुश नीट ओतला नाही म्हणाला. भट्टीवाला चार दिवस त्याच्याशी बोलला नाही. वीरप्पाला ते कळलंही नाही, कारण तो स्वतःच कोणाशी बोलत नसे.

आणि मग अणदूरहून बंडप्पा आला.

अणदूर हे वीरप्पाचं जन्मगाव. बंडप्पाची तिथं पिठाची गिरणी. तिचा दांडा वीरप्पानं नुकताच घासून दिला होता. तोच दांडा वाकळीत गुंडाळून, तान्ह्या पोराला आणावं तसा मांडीवर घेऊन बंडप्पा गाडीतून उतरला. वाकळ सोडली तर दांड्याला काळेनिळे ओरखडे, बुशाचा धातू वितळून त्याला चिकटलेला.

"अण्णा, खंडोबाची जत्रा तोंडावर आली," बंडप्पा म्हणाला. "गावात पाव्हणे याला लागले. आन् बायका दळण डोक्यावर घिऊन नळदुर्गाला जायल्यात. जाताना तुमचं नाव घेत्यात. काय म्हणून घेत्यात ते म्या सांगत न्हाय."

वीरप्पानं तोंड उघडलं, तेल म्हणावं की बुश, ह्याचा विचार केला. तेवढ्यात मागून कल्याणप्पा आले. मालक ठिणग्यांच्या जागी इतके आत कधी आले नव्हते.

"वीरप्पा, तेलबी न्हाय आन् बुशबी न्हाय," ते म्हणाले. "लेथवरचे दांडे त्याच तेलावर, त्याच भट्टीच्या बुशात चालायल्यात. चूक साणेवर हाय. हा दांडा आता नीट करून दे. पुन्हा तापला तर साण सोड. म्या सोलापूरचा माणूस आणतो. तू पट्टे शिवायला बस."

पट्टे शिवणं म्हणजे यंत्रांचे चामडी पट्टे दाभणानं जोडत बसणं. काम वाईट नव्हतं. पण ते करणारा म्हातारा शेडीच्या बाहेर लिंबाखाली बसे. वीरप्पा येता-जाता त्याला टाके वाकडे असल्याचं सांगत असे. त्याच्या शेजारी जाऊन बसायचं?

दांड्यावरचे ओरखडे त्यानं उतरवले. नवा बुश ओतून घेतला, भट्टीवाल्याची चक्क मनधरणी करून. आता शेवटचं माप राहिलं. वार सोमवारचा नव्हता, पण असल्या कामाला चंचीतला शिळा केस नको म्हणून तो भर दुपारी घरी निघाला. साणेवाला वीरप्पा दुपारचा घरी, हे बघून मथुराबाई सूप तसंच धरून दारात उभी राहिली.

उमाबाई ज्वारी निवडत बसली होती. वीरप्पानं कोनाड्यातली फणी काढली. फणी स्वच्छ. खुंटीवरची गुंतवळीची पुरचुंडी बघितली, तीही नव्हती.

"केस कुठं हायत?"

"सुया-बिब्याची बाई आलती सकाळी. तिला दिलं गुंतवळ. सुया घेतल्या."

"मग एक उपटून दे."

उमाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "आत्ताच कशाला? संध्याकाळी देते."

"एक केस मागायलोय, दागिना न्हाय. पट्टे शिवायला बसवत्यात मला, कळतंय का?" आणि त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तापलेले दांडे, जत्रा, सोलापूरचा माणूस. घरी असलं काही सांगायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं तो निम्मं तिला आणि निम्मं कोनाड्याला सांगत होता.

उमाबाई ऐकता ऐकता निवडायची थांबली. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं, पदराआड हात घातला आणि एक केस काढून पुढं केला.

वीरप्पानं तो अंगठा आणि बोट ह्यांच्या मधून ओढला. आणखी एकदा ओढला. त्याचा चेहरा उजळला. "हां! हा बराबर. हा खरा घरचा केस!" आणि मग उजळलेला चेहरा तसाच थांबला. त्यानं चंचीतला केस काढला, सोमवारी फणीतून घेतलेला. दोन्ही एकदम बोटांत धरले. एक सुतासारखा, दुसरा कोळ्याच्या जाळ्याचा.

"मग फणीत मिळाला, त्यो हा बारीक कुणाचा?"

"माझाच."

"आन् हा?"

"त्योबी माझाच." उमाबाईनं पदर खाली घेतला, अंबाडा सोडला. अंबाड्यातलं गंगावन तिच्या हातात आलं, जाड, काळंभोर. आणि डोक्यावर उरलं ते इतकं थोडं, की भांगाच्या दोन्ही बाजूंनी कातडी दिसत होती.

वीरप्पा निवडलेली ज्वारी बाजूला सारून तिच्यासमोर बसला.

"गेल्या हंगामात मला मुदतीचा ताप आलता," ती म्हणाली.

"गेल्या हंगामात..." वीरप्पा आठवायला लागला. "प्रेसचा दांडा तडकला हुता तवा?"

"व्हय. तवाच."

त्याला कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसचा तो दांडा आठवला. तडा कुठून कुठं गेला होता तेही आठवलं. जिन रात्रंदिवस चालू होती, तो भाकरी शेडीतच मागवायचा. घरी यायचा तेव्हा बायको पांघरूण घेऊन पडलेली असायची आणि हा दारातूनच विचारायचा, "बरी हायस का?" ती "व्हय" म्हणायची. आणि हा परत जायचा. लेक लग्न होऊन दूर गेलेली. डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या त्या मथुराबाईनं. ताप उतरल्यावर केस मूठमूठ हातात आले. उमाबाईनं ते टाकले नाहीत. सुया-बिब्याच्या बाईकडून त्यांचंच गंगावन करून घेतलं आणि अंबाडा पहिल्यासारखा दिसेल असा बांधायला लागली. नंतर आले ते केस असले, जावळासारखे.

"सांगितलं का न्हाईस?"

"कसं सांगू? सगळ्या बाजाराला तुमी माझ्या केसाची मापं देता. बायका बघत्यात. म्हटलं, झाकून ऱ्हाईल तवर ऱ्हाऊ द्यावं." मग ती जरा चिडून म्हणाली, "आन् तुमी रोज समोर बसून जेवत हुता की. भाकरीची कड दिसती तुमाला."

लग्नापासून सांभाळलेलं ते एकुलतं एक उत्तर ह्याच्यावर मुळीच चालण्यासारखं नव्हतं. केस दर सोमवारी फणीतून उचलताना बोटांना काहीच कसं कळलं नाही, म्हणून त्यानं दोन्ही केस पुन्हा एकदा ओढून बघितले. बायकोसमोर त्याला स्वतःची फार लाज वाटली. हे लिहितानाही मला वाटतं, की त्याला वाटायलाच पाहिजे होती.

शेवटी तोच उठला. तिच्या हातातलं गंगावन घेतलं, नीट विंचरलं, वाकड्यातिकड्या बटा सरळ केल्या आणि तिच्या हातात परत दिलं. जाड केस त्यानं चंचीत ठेवला.

त्या केसावर बंडप्पाचा दांडा बसला. अणदूरला गिरणी सुरू झाली, जत्रेचं सगळं दळण तिनं काढलं आणि जत्रा उलगडल्यावर बंडप्पा भंडारा घेऊन धाराशिवला आला. शेडीबाहेर लिंबाखाली माणसं जमली. वीरप्पाच्या कपाळाला भंडारा लागला. दांडा दिवसभर हाताला गारच लागत होता, हे बंडप्पानं येईल त्याला सांगितलं.

"मग काय हुतं रं, वीरप्पा?" कल्याणप्पांनी विचारलं. "आता तरी सांग. आधीचे का तापले?"

भट्टीवाला पुढं सरकला. पट्टे शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं दाभण थांबवलं.

वीरप्पाच्या ओठावर सगळं आलं होतं. केस बारीक झाला होता, एवढंच म्हणायचं. हात साफ सुटला असता. माप चुकलं, माणूस नाही. त्याचं नाव धुतल्यासारखं स्वच्छ झालं असतं. आणि संध्याकाळच्या आत पाणवठ्यावरच्या झाडून सगळ्या बायकांनी उमाबाईच्या पदराकडं बघितलं असतं.

"माझा हात चुकला," वीरप्पा म्हणाला.

कल्याणप्पांनी कान पुढं केला.

"काय म्हणालास?"

"हात चुकला माझा. तिन्ही बाऱ्याला. तेल चांगलं हुतं. बुशबी चांगले हुते."

मग जो हशा उठला, तो म्हणे पार पोलिस चौकीपर्यंत ऐकू गेला. कल्याणप्पांनी डोळे पुसले. "म्हंजी तूबी माणूसच हायस की!" ते म्हणाले. भट्टीवाल्यानं त्याला मिठी मारली. त्या दिवसापासून वीरप्पाची सुटका नव्हती. न्हावी वस्तरा लावताना विचारी, "हात चुकला तर चालंल का, अण्णा?" म्हातारा पट्ट्याचे टाके मुद्दाम दाखवायला आणी. नाकावर माश्या बसू लागल्या, आणि वीरप्पा त्यांना बसू देत होता.

मथुराबाईनं ही बातमी तिखटमीठ लावून उमाबाईला सांगितली. "चारचौघांत म्हणाला गं, माझा हात चुकला! ह्यो माणूस!" त्या संध्याकाळी उमाबाईनं भाकऱ्या थापल्या त्या कडेला सारख्या व्हाव्यात म्हणून फार जपून थापल्या. वीरप्पानं मात्र भाकरी उजेडाकडं धरली नाही. तो तिच्याकडं बघत जेवला. तिला ते इतकं अवघड झालं, की शेवटी तिनंच त्याला खाली बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वीरप्पा मालकांकडं गेला आणि देवळीतला मायक्रोमीटर मागितला. कल्याणप्पांना आता कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. दांडे तो त्याच्यावरच मापू लागला, आणि ते तापेनात. फक्त दर सोमवारी ती मखमली डबी धोतराच्या सोग्यात लपवून तो घरी आणायचा. दार लोटून उमाबाई मागच्या अंगणात उन्हाला पाठ करून बसायची, केस मोकळे सोडून. वीरप्पा त्यातला एक न तोडता हलकेच मायक्रोमीटरच्या चिमट्यात धरायचा.

"हलू नगं."

"हलत न्हाय. किती झालं?"

"थांब."

काही सोमवारी केस खरंच रेघभर जाड भरे. तेव्हा तो आनंदानं सांगे आणि तीही हसे. पण संक्रांतीनंतरच्या एका सोमवारी रेघ पुढं सरकली नव्हती. उलट जराशी मागंच आली होती. वीरप्पानं मायक्रोमीटर उजेडाकडं धरला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितला. माप तेच.

"अवं, किती झालं?" उमाबाईनं विचारलं. "आलंय का?"

ज्या माणसानं आरतीच्या वेळीसुद्धा समई वाकलीय म्हणून सांगितलं होतं, त्यानं मायक्रोमीटर डबीत ठेवला आणि डबी मिटली.

"आलंय," वीरप्पा म्हणाला. "चांगलं आलंय की."